माय… शीवोला…

ती दुपार आठवली की आजही माझा आवाज चढतो. घरचे म्हणतात, "अहो, हळू! ड्युटी संपली तुमची." पण काय करणार, प्रसंगच तसा होता!

काष्टीजवळच्या एका लिंबाच्या पॅकिंग शेडमधून ठाण्यात फोन आला. लिंबं खरेदीला आलेला एक इराकी व्यापारी सकाळी फिरायला गेला तो परतलाच नव्हता. शेडमध्ये लिंबं निवडायचं मशीन बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. व्यापारी पूर्वी इटलीत राहिलेला, तोडकंमोडकं इटालियन बोलायचा, आणि आदल्या दिवशी दोघांची त्याच भाषेत चांगलीच जुंपली होती. मी मिसिंगची नोंद घेतली आणि इंजिनिअरला चौकशीसाठी समोर बसवलं.

त्याच्या मोबाईलवर बेपत्ता माणसाचा व्हॉइस मेसेज होता. धाप लागलेला आवाज: "माय… माय… शीवोला…" त्यानंतर फोन बंद.

इंजिनिअर मोडक्या इंग्रजीत तणतणला, "आमच्या भाषेत याचा अर्थ 'कधीच घसरत नाही'! मशीनचा पट्टा घसरत नाही, असं मी काल म्हणालो होतो. माझी टिंगल करतोय हा!"

आमचे हवालदार कान टवकारून ऐकत होते. "न्हाई साहेब, आईला हाका मारतोय त्यो. आन् शिवेला म्हनतोय. गावच्या शिवेला पडलाय कुठंतरी!"

लगेच माणसं शिवेवर पिटाळली. हाती काही लागलं नाही. टॉवर लोकेशन आलं, पण टप्पा फार मोठा. वर ऊन तापलेलं. माणूस जिवंत असला तरी किती वेळ टिकणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

पुण्याला फोनाफोनी केली. इटालियनचे प्राध्यापक म्हणाले, इंजिनिअरचं बरोबर आहे. अरबीचे म्हणाले, शेवटचा शब्द अरबी नाही, 'माय' कुठल्यातरी बोलीतला असेल, पण अर्थ खात्रीने सांगता येत नाही. मला दोन्ही भाषा येणारं एकच माणूस हवं होतं.

हवालदार म्हणाले, "मिशन दवाखान्यातल्या शिस्टर हायेत की! आमच्या मंडळीचं बाळंतपन त्यांनीच केलं. इटलीत शिकल्यात, इराकात पन हुत्या."

"अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं?"

सिस्टरना फोनवरच मेसेज ऐकवला. त्या ओरडल्याच. "साहेब, इराकमध्ये पाण्याला 'माय' म्हणतात! आणि शीवोला इटालियन आहे, घसरतंय! माणूस पाण्यात आहे, पळा!"

पाणी आणि घसरण! मी आणि हवालदार एकदमच म्हणालो, "शेततळं!" तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

टप्प्यातली शेततळी पालथी घातली. एका बागेमागच्या तळ्यात, मोटरीच्या पाइपाला बांधलेल्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तो तरंगत होता. जिवंत! दोर टाकून वर ओढला. आनंदाने मी हवालदारांनाच मिठी मारली. आमच्यासोबत आलेला इंजिनिअर बांधावर बसून ढसाढसा रडला.

समोरचा काय बोलला, यापेक्षा आपण काय ऐकलं हे आधी तपासावं, हे मला त्या दिवशी कळलं. इंजिनिअरने मशीन ऐकलं, आम्ही शीव ऐकली, आणि तो बिचारा तिकडे बुडत होता.

दवाखान्यात तो डोळे मिटून पुटपुटत होता, "युम्मा… युम्मा…" हवालदार पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

सिस्टर म्हणाल्या, "पाणी नको हो. आता आईलाच हाक मारतोय."

त्याच्या घरी फोन लावायला मी माझा मोबाईल पुढे केला. हवालदार ग्लास हातात धरून तसेच उभे होते. हळूच म्हणाले, "मंग साहेब, मी काय लई चुकलो न्हवतो."