पंचवीस फुटांची तयारी

विश्रांतवाडीत तायडे सरांचा पत्ता विचारला की लोक आधी विचारत, "चौथीची स्कॉलरशिप की सातवीची?" तिसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे कुणी जात नसे. पूर्ण नाव कचरू तायडे. अकोल्याकडच्या खेड्यात आधीची दोन मुलं दगावली म्हणून आईनं दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. हजेरीत ते पुकारलं की वर्ग हसायचा, आणि पोरगं दर वर्षी पहिलं यायचं. हसणं थांबवायचा तेवढा एकच उपाय त्याला सापडला होता. त्याच बळावर तो डी.एड. झाला, पुण्यात शाळेत लागला, निवृत्त झाला, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या सोमवारी हॉलमध्ये सतरंज्या टाकून क्लास सुरू केला. परीक्षेनं माणूस वर येतो, हे सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. परीक्षेनं न सुटणारंही जगात काही असतं, हे मात्र सांगूनही पटलं नसतं.

मुलीचं नाव त्यांनी मैत्री ठेवलं. या नावाला हजेरीत कुणी हसणार नव्हतं, तरी तीही पहिली येत गेली, कारण घरात दुसरा नंबर आणायची सोय नव्हती. इंजिनिअर झाली, येरवड्याच्या एका काचेच्या इमारतीत टेस्टर म्हणून लागली. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या, हे तिचं काम. सरांना ते फार आवडलं. आयुष्यभर आपण हेच केलं, फक्त आपल्याला एसी नव्हता, असं ते पाहुण्यांना सांगत.

मग २००६ साली मैत्रीच्या एका डोळ्यापुढं पंधरा दिवस धुकं आलं. कॉम्प्युटरमुळे असेल म्हणून चष्मा बदलला. पुढं तळपाय बधिर झाले, डावा पाय जिन्याच्या पायरीला अडकू लागला, आणि तीन डॉक्टर व एक एमआरआय झाल्यावर नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरांनी समजावलं, की वायरीवर प्लास्टिक असतं तसं नसांवर वेष्टन असतं. शरीर स्वतःच ते कुरतडतं, आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचता पोचता गळतो. सरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "बरं होण्याचं पर्सेंटेज किती?"

"पूर्ण बरा होणारा आजार नाही हा. सांभाळायचा."

सरांनी वहीत 'सांभाळणे' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सांभाळण्यात मात्र त्यांनी हयगय केली नाही. दिवसाआड इंजेक्शन. डावी मांडी, उजवी मांडी, दंड, पोट असं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लागलं. या सुयांनी पुढचे झटके कमी होतील, गेलेलं परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आजार दुर्मिळ होता; सल्ले दुर्मिळ नव्हते. गव्हांकुराचा रस, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, हवापालट. सरांनी सगळ्यांना पिटाळलं, कारण बाहेर कुणाला खरं सांगायचंच नाही असा त्यांचा नियम होता. बाहेर सांगायचं ते 'लिगामेंट'. दोन वर्षं झाली तरी न भरलेलं असं लिगामेंट पुण्यात दुसरं नसेल, पण ऑफिसपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. लोक काही दुधखुळे नव्हते. फक्त खोटं ऐकायला सोपं जातं.

२००८च्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी नवी बातमी दिली. डेक्कनजवळ एका बंगल्यात औषधांच्या चाचण्या घेणारं केंद्र होतं. या आजारात चालणं सुधारावं म्हणून एका गोळीचा अभ्यास तिथं सुरू होणार होता. गोळी अजून बाजारात नव्हती. मिळाली तर याच अभ्यासात. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी, आणि कुणाला कुठली हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. आधी निवड व्हायची. मैत्री आता भिंतीला हात लावत चालायची, आणि येरवड्याच्या इमारतीत भिंती कमी, काचा जास्त. चालणं गेलं की नोकरी जाईल, हे तिनं आईला एकदाच सांगितलं होतं, आणि राधाबाईंनी ते ऐकून भाकरी करपवली होती.

'निवड' हा शब्द कानावर पडताच सर दहा वर्षांनी तरुण झाले.

केंद्रातून भाग्यश्री नावाच्या मुलीचा फोन आला. तिनं गोडपणे सांगितलं, की पंचवीस फूट चालायचं आहे, नऊ खुंट्या भोकांत घालून काढायच्या आहेत, टेपवर आकडे ऐकून तोंडी बेरजा करायच्या आहेत. "तयारी काही नको हं काका. सहज या."

सर फोन ठेवून हसले. पहिल्या नंबरची पोरं नेमकं हेच सांगतात. माझा तर अभ्यासच झाला नाही!

दुसऱ्याच दिवशी संमतीपत्रक घरी आलं. चौदा पानी. मराठी अशी, की कुणी शब्दकोश जिन्यावरून सोडून दिला असावा. सरांनी लाल पेन काढलं आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यातल्या एकतीस चुका दुरुस्त केल्या. नवव्या पानावर एक वाक्य होतं: पंचवीस फूट अंतर आठ सेकंदांपेक्षा कमी वेळात कापणाऱ्या व्यक्तीस अभ्यासात समाविष्ट करता येणार नाही. सरांनी त्यातली एक वेलांटी सरळ केली, एक स्वल्पविराम घातला आणि पान उलटलं. मैत्रीनं ऑफिसातल्या सवयीनं न वाचताच शेवटच्या पानावर सही केली.

अकरा दिवस होते हातात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूनं पंचवीस फूट आखले गेले. शाळेच्या क्रीडास्पर्धांतलं स्टॉपवॉच आलं, शिट्टी आली. सुताराकडून नऊ भोकांची फळी करून घेतली, खुंट्यांच्या जागी पेन्सिलींचे तुकडे. बेरजा जेवताना. पहिल्या दिवशी पंचवीस फुटांना साडेनऊ सेकंद लागले.

"पाय उचल! घोटा वळतोय! पुन्हा!"

"बाबा, आमच्याकडे याला बग लपवणं म्हणतात," मैत्री धापा टाकत म्हणाली.

"आमच्याकडे सराव म्हणतात. चल, जागेवर."

तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली: 'पार्किंग हे वाहनांसाठी असते. येथे शर्यती लावू नयेत. लावल्यास जिंकणाऱ्याचेही नाव कमिटीकडे जाईल.' सरांनी त्यातलीही एक चूक दुरुस्त केली आणि सराव पहाटे सहाला नेला. त्यात त्यांच्या ध्यानात आलं, की गारव्यात पाय बरा चालतो, ऊन चढलं की ओढला जातो. हा आजार उष्णतेनं बळावतो, हे डॉक्टरांना पुस्तकातून ठाऊक होतं. सरांनी ते स्टॉपवॉचवर सिद्ध केलं. मग काय, रोज थंड पाण्यानं अंघोळ, मानेवर बर्फाची पिशवी. राधाबाई म्हणाल्या, "अवो, लेकराले आजारानं कमी अन् तुमीच जास्त छळता." पण आकडे उतरत होते. नऊ. साडेआठ. आठ पूर्णांक एक.

खरं सांगायचं तर मैत्रीलाही चेव चढला होता. किती दिवसांनी आपल्या शरीराचा एखादा आकडा चांगला येत होता. पंचवीस फूट संपले की ती स्कूटरच्या सीटवर कोसळायची आणि अर्धा तास उठायची नाही, पण तो अर्धा तास मोजायला कुणी स्टॉपवॉच लावलेलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सरांनी सकाळची पहिली वेळ मागून घेतली होती. रिक्षात मैत्रीच्या मानेवर बर्फ, सरांच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा. निकालाआधी पेढे घेणं ही त्यांची जुनी खोड. तो एकदाही परत न्यावा लागला नव्हता.

भाग्यश्रीनं जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या दाखवल्या. "तुम्ही नेहमी चालता तशा या."

मैत्री निघाली. घोटा वळला नाही. सात पूर्णांक सहा. दुसऱ्यांदा सात पूर्णांक चार. दारातून सरांची टाळी ऐकू आली. खुंट्या तिनं अशा घातल्या की भाग्यश्री बघत राहिली, आणि साठातल्या अठ्ठावन्न बेरजा बरोबर आल्या. त्यानंतर आत बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, चष्मा काढला.

"छान चालताय. त्यामुळे तुम्हाला अभ्यासात घेता येणार नाही."

सरांना वाटलं, आपण पुढची ओळ ऐकलीच नाही. "म्हणजे मॅडम, पहिली आली ना?"

"आठ सेकंदांच्या आत येणाऱ्यांना घेत नाही आम्ही. नवव्या पानावर आहे. बरं, ही दुरुस्ती तुमचीच का? सुंदर अक्षर आहे."

मग सरांनी सगळं ओकून टाकलं. खडू, शिट्टी, बर्फ, पेन्सिली. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की नोंद झाली ती झाली. दुसरी तुकडी ऑक्टोबरात.

"फेरतपासणी नाही का होत? उद्या आणतो. हळू चालवून आणतो."

"बाबा!" मैत्री उभी राहिली आणि टेबलाला धरलं, कारण अकरा दिवसांची चाल आता संपली होती. "अकरा दिवस चांगलं चाल म्हणून ओरडलात. आता वाईट चाल म्हणून शिकवणार? मी चालते कशी, हे कधी बघितलंय तुम्ही? तुम्ही घड्याळ बघत होतात."

सरांनी खिशातलं लाल पेन उगाच बाहेर काढलं आणि परत ठेवलं. घरी आल्यावर पेढ्यांचा पुडा राधाबाईंनी काही न विचारताच शेजारी वाटून टाकला. लिगामेंट बरं झालं, असं शेजाऱ्यांनी परस्पर ठरवलं.

ऑगस्टमध्ये मोठा झटका आला. तीन दिवस दवाखान्यात शिरेतून औषध, आणि घरी येताना हातात काठी. मैत्रीनं ऑफिसात ईमेल लिहून आजाराचं नाव सांगून टाकलं, सरांना विचारलं नाही. सरांनी स्टॉपवॉच कपाटात ठेवलं. पार्किंगमधल्या खडूच्या रेघा पावसानं पुसल्या होत्या, फळी क्लासच्या पोरांनी पळवली होती. रात्री त्या हुकलेल्या तुकडीचा विचार मनात आला की ते उठून पाणी प्यायचे. ही सहा महिने गोळी खात असती, हा एकच हिशोब त्यांना काही केल्या चुकवता येत नव्हता.

ऑक्टोबरात ते पुन्हा डेक्कनला गेले. या वेळी दुपारची वेळ मिळाली. बर्फ नव्हता. पेढे मात्र होते. सरांनी ते सवयीनंच घेतले आणि घेतल्यावर दुकानाबाहेर थोडा वेळ तसेच उभे राहिले होते.

मैत्री पिवळ्या पट्टीवर उभी राहिली. काठी, मग उजवा पाय, मग डावा, जो फरशीला घासत येत होता. घोटा वळला. 'पाय उचल' सरांच्या ओठांपर्यंत आलं आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आपली मुलगी कशी चालते, हे त्या पंचवीस फुटांत त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मध्येच ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली.

"तेरा पूर्णांक आठ," भाग्यश्रीनं लिहिलं. दुसऱ्या फेरीत चौदाच्या वर. तासाभरानं ती हसत बाहेर आली. "काका, घेतलं हो! झाली निवड."

उद्यापासून रोज दोन गोळ्या मिळणार होत्या. त्यांत औषध असेल की खडूची भुकटी, हे अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं.

सरांनी पुडा काढला, पण दोरा सुटेना. मैत्रीनं तो त्यांच्या हातातून घेतला, दातानं तोडला आणि पहिला पेढा भाग्यश्रीपुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "या वेळी तयारी अजिबात केली नव्हती."

दुसरा पेढा तिनं बाबांना दिला. सरांनी तो तोंडात घातला, आणि ती काठी टेकत दाराकडे निघाली तेव्हा ते तिच्याच चालीनं शेजारून चालू लागले.