सात किलो गूळ आणि मॉरिशसची दालपुरी

मंगळवार, हळदीचा दिवस. गाव वालूर, तालुका सेलू. जेवण ऐंशी पानांचं, ठरलेली रक्कम अठ्ठावीस हजार, त्यातले दहा हजार आगाऊ जमा. भट्टीपाशी हजर असलेले: मुलीचे वडील दिगंबरराव, नवरदेव केविन, पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या प्रमुख गंगामावशी आणि मी, केटरर. आमच्या चौघांच्या मधोमध एक पातेलं. पातेल्यात आठ किलो हरभऱ्याची डाळ, शिजवून निथळलेली. आणि त्या डाळीवर विरघळत असलेला सात किलो गूळ.

गूळ घालायचा नव्हता.

आधी थोडा खुलासा. आमच्या धंद्यात जेवणाऱ्या माणसाला ‘पान’ म्हणतात. ऐंशी पानं म्हणजे ऐंशी माणसं. त्यातली बावीस वरपक्षाची होती आणि मॉरिशसहून आली होती. केविन पुण्यात नोकरीला, दिगंबररावांची रेणुका त्याच ऑफिसात. केविनचे आजोबा कोकणातून तिकडे गेलेल्या मजुरांच्या घराण्यातले. आजी मात्र क्रियोल, म्हणजे तिथल्याच मिश्र वंशाच्या. पाहुणे एवढ्या लांबून आलेले, म्हणून दोन्हीकडची हळद एकाच मांडवात होती.

आता अडचण. या आजी चार दिवसांपासून वालुरात होत्या आणि चार दिवस केळी आणि चहा-बिस्किटांवर होत्या. आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला कशात नसतो? त्यांना ते सोसत नव्हतं. ताट पुढे आलं की पोटावर हात ठेवून गोड हसायच्या, झालं. दिगंबररावांची झोप उडाली होती.

“लेकीची आजेसासू माझ्या दारात उपाशी बसायलीय,” ते मला ऑर्डर देताना म्हणाले होते. “कायबी करा, पण हळदीला ती म्हातारी पोटभर जेवली पायजे. न्हाई तर मी मांडवात तोंड कसं दाखवू?”

म्हणून मेनू आजींच्या घरचा ठरला. केविनने मला फोनवर तो समजावून सांगितला. मी प्रत्येक गोष्टीचं प्रमाण विचारत होतो, तो प्रत्येक गोष्टीचा इतिहास सांगत होता. मॉरिशस बेटावर मूळचं कोणीच नव्हतं. फ्रेंच मालक आले, त्यांनी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले, मग इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर नेले, चिनी दुकानदार आले. सगळ्यांची चूल शेजारी शेजारी. त्यातून जे शिजलं ते क्रियोल जेवण. ‘रुगाय’ म्हणजे टोमॅटो, कांदा, लसूण, आलं यांचा दाट रस्सा, त्यात थाईम नावाचा पाला. थाईमची पुडी आजींच्या बॅगेतच होती, वास ओव्याच्या चुलतभावासारखा. आणि दालपुरी म्हणजे हळद-जिरं घातलेली डाळ भरून लाटलेली पातळ पोळी. मजुरांनी नेली आणि आता तिकडे रस्त्यारस्त्यावर सगळ्या जातीधर्माचे लोक खातात. चव खारी.

मी मावशींना तीनदा बजावलं होतं. त्यांनी तीनदा मान हलवली होती. मग मी टोमॅटो मोजायला गेलो.

मावशी तीस वर्षं पुरण घालतात. डाळ शिजली, येळवणी निथळली की पुढची क्रिया त्यांचं डोकं करत नाही, हात करतो.

“मावशी, हे काय?”

“अगं बाई!” मावशींनी तोंडावर पदर घेतला. “मी तिकडं सुनंला बोलायले अन् हात इकडं...”

“सात किलो?”

“परमाणात घातला की, मालक. जास्ती न्हाई घातला.”

दिगंबरराव खाली वाकून पातेल्यात बघत होते, जणू गूळ स्वतःहून वर येईल. केविनला हसू आवरत नव्हतं आणि आपण नवरदेव आहोत हे आठवून तो ते आवरत होता.

मी हिशेब केला. साडेअकरा वाजलेले, पंगत एकला. नवी डाळ भिजवायची, शिजवायची, वाटायची आणि अडीचशे पोळ्या लाटायच्या. तिघी बायकांकडून होणं शक्य नव्हतं.

“पुरणपोळीच करा,” मी म्हणालो. “रुगाय तरी खरा आहे. आजी भाताबरोबर खातील.”

पंगत बसली. वाढप्यांना मी सांगितलं होतं की पोळी एका बाजूला वाढा, रुगाय दुसऱ्या बाजूला, भात मध्ये. पण मेनू गावभर झालेला होता: मॉरिशसची पोळी टोमॅटोच्या रश्शाशी खातात. मुलीच्या मामांनी पोळीचा तुकडा मोडला, रुगायात बुडवला आणि तोंडात टाकला. त्यांच्या मिशा थांबल्या.

शेजारचा पोरगा कुजबुजला, “मामा, गोड पोळी अन् तिखट टमाटे?”

“गप खा. त्यांच्याकडं असंच असतंय. पाव्हण्यांच्या पद्धतीला नाव ठेवू न्हाई.”

समोरच्या रांगेत केविनची आत्या मामांकडे बघत होती. तिने केविनला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. केविनने अगदी गंभीर चेहऱ्याने उत्तर दिलं. मागून मला कळलं, तो म्हणाला होता, “या गावात असंच खातात, वाईट दिसेल, खा.” आत्याने बुडवून खाल्लं. तिचं बघून वीस जणांनी बुडवलं. त्यांचं बघून आमच्या अठ्ठावन्न जणांना खात्री पटली. ऐंशी माणसं एकमेकांचा मान राखत पुरणपोळी टोमॅटोत बुडवत होती. मी भट्टीमागे तोंडात रुमाल कोंबून उभा होतो आणि दिगंबरराव खांबाला धरून थरथरत होते. रडतायत की हसतायत ते समजेना.

आणि आजी? त्यांनी कोरडा तुकडा खाल्ला. थांबल्या. दिगंबररावांचं थरथरणंही थांबलं. आजींनी पोळी नाकापाशी नेली, वास घेतला. मग तिकडे दालपुरी खातात तशा दोन पोळ्या एकावर एक ठेवल्या, वर रुगाय घातला, हिरव्या मिरचीचा ठेचा घातला, सुरळी केली आणि खायला लागल्या. दुसऱ्या सुरळीला त्यांनी बाही वर सरकवली. तिसरी हातात घेऊन त्या उठल्या आणि थेट भट्टीकडे आल्या, मागे केविन. पातेल्याच्या कडेचं पुरण बोटाने चाटलं आणि प्रश्न विचारला. तो भाषांतराशिवाय सगळ्यांना समजला. सगळ्यांनी मावशींकडे बोट केलं.

आजी बराच वेळ बोलल्या. केविनने सांगितलं, “आजी म्हणते, तिच्या पणजीच्या वेळच्या बायका फ्रेंच मालकांच्या घरी त्यांचं जेवण शिजवायच्या. पण हात त्यांचे स्वतःचे. सवय होती ते त्यात पडायचं. मालकांना वाटायचं, काहीतरी नवीन केलंय. तेच आज क्रियोल जेवण आहे.”

“म्हंजी माझी चूक न्हाई?” मावशींनी पदर थोडा खाली घेतला.

केविनने विचारलं. आजींनी दोन शब्दांत उत्तर दिलं.

“ती म्हणते, चूकच आहे. पण पोळी पातळ लाटलीय.”

आजी तिथेच स्टुलावर बसल्या आणि आणखी दोन पोळ्या मागितल्या. मावशींनी तुपाची वाटी पुढे केली. दिगंबररावांनी मांडवात जाऊन विनाकारण चार जणांना मिठ्या मारल्या.

संध्याकाळी मी बिल मांडलं आणि दालपुरीचे पैसे वजा केले. जे दिलंच नाही त्याचे घेणार कसे? दिगंबरराव भडकले.

“कापू नका हो! मामा सगळ्यांना सांगायलेत, मॉरिशसची पोळी लय भारी. तुमी पैसे कापले तर मला खरं सांगावं लागंल.”

“पण ती पुरणपोळी होती.”

“मग पुरणपोळीचा रेट लावा.”

पुरणपोळीचा रेट माझ्याकडे दालपुरीपेक्षा जास्त आहे. म्हणजे चुकीबद्दल मलाच वर पैसे मिळणार होते. शेवटी ठरलेलीच रक्कम घ्यायची आणि गूळ माझ्या खाती, यावर तोडगा निघाला.

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. खाऱ्या डाळीची ऑर्डर असेल तर गुळाची ढेप टेम्पोतच राहते आणि टेम्पोची किल्ली माझ्या खिशात. वालूरच्या दोन लग्नांत मात्र “ती मॉरिशसची पोळी, टमाट्यासंगट” अशी मागणी आली. तेव्हा किल्ली मावशींकडे दिली.

उरलेले अठरा हजार दिगंबररावांनी मला रोख दिले. आणि आजींनी निघताना गंगामावशींच्या मुठीत मॉरिशसची शंभर रुपयांची नोट कोंबली. मावशींनी ती मला उलटसुलट करून दाखवली.

“मालक, ह्यो रुपया आपल्याकडं चालतोय का?”

“नाही चालत.”

“मग बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “खर्च व्हायची न्हाई.”