वचनाबाहेर

समोरचा माणूस बोलत असताना पाळकसाहेब उजवा तळहात वर करायचे. तेवढ्यावर बोलणाऱ्याची जीभ टाळूला चिकटायची. मग प्रश्न यायचा, "हे शास्त्रात कुठी लिहेल हाये?" उत्तर नसेल तर निमूट खाली बसायचं. चिखलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाहुण्या उपदेशकांनाही त्या हाताचा धाक होता.

दरवर्षी दिवाळीनंतर ते नेपाळला जात, तिथल्या डोंगरातल्या पाळकांना शास्त्र शिकवायला. मी शाळामास्तर, रजा टाकून फळ्यावर लिहायला सोबत जायचो. ते पाळक कोणी शेतकरी, कोणी हमाल. कसंबसं वाचणारे. पाळकसाहेब वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत त्यांना बजावत, उतारा वाचा, त्यात आहे तेवढंच सांगा, पदरचं घालू नका. मला म्हणायचे, "आपन डाकवाले हावोत. पाकीट फोडून आपली चिठ्ठी घालाची नाही." दिवसा ज्याला रडकुंडीला आणलं, त्याच्या ताटात संध्याकाळी स्वतः भात वाढायचे. आपण मात्र सगळ्यांच्या शेवटी जेवायचे.

एका वर्षी डंबर नावाचा म्हातारा पाळक बायबलातल्या ईयोबाच्या, सगळी लेकरं गमावलेल्या माणसाच्या, पुस्तकावर बोलायला उभा राहिला. बोलता बोलता त्याने आपल्या मुलीचं सांगितलं. नदीच्या पुरात ती वाहून गेली होती. ती स्वप्नात येते, प्रभूपाशी बसलेली दिसते, म्हणाला. हात वर गेला. कुठे लिहिलंय, असं विचारल्यावर डंबर म्हणाला, लिहिलेलं नाही, मी पाहिलंय. पाळकसाहेबांनी त्याला बसवलं. तो बसला, आणि जेवणाआधीच निघून गेला.

पुढच्या वर्षी कळलं की डंबरने उपदेश सोडला, त्याची चार घरांची मंडळीही पांगली. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि पुढचा अध्याय काढला. इकडे चिखलीत तर डंबरची गोष्ट ते उपदेशात सांगायचे, कसं बोलू नये याचा नमुना म्हणून.

मग त्यांचा एकुलता मुलगा सुशील मेहकर रस्त्यावर ट्रकखाली गेला. दफनाच्या वेळी परगावचे पाळक म्हणाले, देवाला आपल्या बागेत हे फूल हवं होतं. उघड्या कबरेवर हात वर गेला. "शास्त्रात नाही हे. माती द्या." पाळकसाहेबांच्या बाई, सुशीलची आई, मुठीत माती धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर घरात त्या कामापुरतंच बोलायच्या.

दिवाळी झाली. आम्ही निघालो तेव्हा बाई दारात आल्या. म्हणाल्या, "त्या मानसाले इचारून या. पोरगी कशी दिसते त्याले."

शिकवणीला जायच्या आधीच पाळकसाहेबांनी डंबरच्या गावचा डोंगर चढायला घेतला. वाटेत तीनदा बसले. डंबर शेतात बटाटे काढत होता. त्याने ओळखलं, बसायला पोतं टाकलं. पाळकसाहेबांनी स्वप्नाचं विचारलं, हळू आवाजात, विद्यार्थ्यासारखं. डंबर हातावरची माती झटकत म्हणाला, "तुम्ही मला बसवलंत ना, त्या दिवसापासून ती आली नाही."

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. पाळकसाहेबांनी हात जोडून माफी मागितली. डंबरने टोपली उचलली आणि घरात गेला. आम्ही बराच वेळ थांबलो. तो बाहेर आला नाही.

त्या वर्षी शिकवणी झाली नाही. आम्ही परत आलो तेव्हा बाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. पाळकसाहेब बूट न काढताच भिंतीला टेकून बसले.

"दिसते म्हने त्याले," ते म्हणाले. "प्रभूपाशी हाये. तिच्या बाजूले आता एक पोरगाही बसते म्हने."

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगेपर्यंत थांबल्या, मग ताटात काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"तुमाले खोटं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "जेवा."