आसरांचा वाटा

आज सकाळी समोरच्या घरी मांडव घातला. पाहुण्यांच्या पायांखाली धूळ उडू नये म्हणून कुणीतरी गॅरेजमधून इंजिनाचं जळकं तेल आणलं आणि रस्त्यावर शिंपडलं. नऊच्या सुमारास ऊन चढलं, तसा तो वास खिडकीतून आत आला. तापलेली माती, तेल, आणि त्या दोघांच्या खाली दडलेला कडवट धूर. मी कणीक मळत होते. हात थांबले, आणि कितीतरी वेळ थांबलेलेच राहिले.

मुलांनो, तुमच्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवा गालिचा येतो. आमच्या जालन्याच्या गोल्फला मात्र हा वास होता. गावाबाहेर, जुन्या छावणीच्या माळावर नऊ होलचं मैदान होतं. पाणी प्यायलाच पुरत नसे, तिथे हिरवळ कुठून येणार? चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्याभोवती वाळू पसरत, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात जळकं तेल कालवत, आणि त्या काळपट वर्तुळाला ब्राऊन म्हणत. शेवटचे छोटे फटके, म्हणजे पट, तिथेच मारायचे. त्याआधी कॅडी, म्हणजे खेळाडूची काठ्यांची पिशवी वाहणारा माणूस, लांब दांड्याची फळी ओढून चेंडूपासून खळग्यापर्यंतची वाट सपाट करून देई. तरीही वर्षातून एकदा अजिंक्यपदाच्या स्पर्धेला औरंगाबादहून, नगरहून, थेट हैदराबादहून खेळाडू येत. आणि येताना एकच गोष्ट मनात धरून येत: पाच, सहा आणि सात. हे तीन होल नीट पार पडले तर बाकीचं मैदान माफ, असं म्हणत.

ते तीन होल एका जुन्या बारवेभोवती होते. पाचव्यावर चेंडू बारवेच्या रुंद तोंडावरून पलीकडे न्यावा लागे. सहावा बाभळींनी भरलेल्या नाल्यातून जाई. सातव्याचा ब्राऊन उपड्या परातीसारखा उंचवट्यावर होता. जरा जोर जास्त झाला की चेंडू घरंगळत खाली. बारवेच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या बायका. त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या, वाळलेली फुलं, कधी लिंबू. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पण तिथे पोचलं की माळभर वाहणारा वारा एकदम पडे, टिटवी डोक्यावरून ओरडत जाई, आणि मी नकळत पदर अंगाभोवती घेई. बारवेत पडलेल्या चेंडूचा आवाज फार उशिरा येई. आता येणारच नाही असं वाटून आपण मान वळवावी, तेव्हा येई.

तिथे भल्याभल्यांचे हात कापत. म्हणून एक रीत पडली होती. या तीन ब्राऊनवर पहिले दोन पट खेळाडूचे, तिसऱ्यापासून पुढचे सगळे आसरांचे. ते कार्डावर लिहायचे नाहीत. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणून ही सवलत मोठीच. छापील नियमांत हे कुठेही नव्हतं, तरी स्पर्धेतसुद्धा चाले. अक्षर चांगलं आणि सवयी शिस्तीच्या म्हणून गुण लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ही रीत मला कधीच आवडली नाही, पण मीही ती वर्षानुवर्षं पाळली.

तुमचे आजोबा डोळ्यांचे सर्जन होते आणि दोनदा इथले अजिंक्य. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. त्या हिवाळ्यात त्यांनी बशीतून चहा पिणं सोडलं. मग शर्टाची वरची गुंडी उघडी राहू लागली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "थकवा आहे." दुसऱ्यांदा विचारलं तर ताटावरून उठून गेले. दवाखान्यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया आता त्यांचा तरुण सहकारी करू लागला होता. पण परतूरचं मोतीबिंदूचं शिबिर दरवर्षी त्यांचंच. त्या साली स्पर्धेचा शेवटचा दिवस रविवारी होता आणि शिबिर सोमवारी सकाळी सुरू होणार होतं. यादीत पहिलं नाव त्यांच्या कॅडीचं होतं.

त्या कॅडीला सगळे चाचा म्हणत. मस्तगडच्या मागे राहणारे, साठी ओलांडलेले, सडपातळ. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. त्यांची लेक परतूरला दिलेली, तिने बापासाठी खाट मांडून ठेवली होती.

पाचव्या ब्राऊनवर चाचांनी वाट सपाट केली. आजोबांनी पट मारला, चेंडू हातभर बाजूने गेला. चाचांनी परत फळी ओढली. परत तसंच. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या हळुवारपणे फळी फिरवली, जणू झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण ओढत होते. वाट आरशासारखी झाली. चेंडू पुन्हा चुकला. तेव्हा मी चेंडूकडे नाही, हाताकडे बघत होते. उजवा हात, मनगटाखाली, पाण्यावरच्या पानासारखा.

"लागल्या, लागल्या! डॉक्टरला आसरा लागल्या!" बरोबर खेळणारे एक सरकीचे व्यापारी हसत होते. "भाभी, दोनच लिहा हं. बाकी त्या बायांचे."

आजोबाही हसले. या जागेची ख्याती त्यांच्या किती उपयोगी पडत होती ते मला तेव्हा दिसलं. जिथे सगळ्यांचेच हात कापतात, तिथे एकाच्या हाताकडे कोण बघणार?

सहाव्यावर व्यापाऱ्यांचा चेंडू बाभळीत हरवला. ते आणि आजोबा शोधायला नाल्यात उतरले. चाचा दगडांजवळ उकिडवे बसले होते. मला पाहून उठले.

"बाईसाहेब, एक बात बोलू? रागवू नका."

"बोला ना, चाचा."

"माझा डोळा ह्या टायमाला ऱ्हाऊ द्या. फुडच्या साली बघू."

"का? लेकीनं तर खाट मांडून ठेवलीय."

"एक डोळा बराबर हाय न माझा. बिलकुल बराबर. लेकीला सांगतो, सर्दी झाली म्हनून."

मी हळूच विचारलं, "काय पाहिलंत तुम्ही?"

ते फळीला चिकटलेली तेलकट वाळू झटकू लागले. "म्या काय पाहनार, बाईसाहेब? मला एका डोळ्यानं दिसतंच कुठं?" मग नाल्याकडे नजर टाकून म्हणाले, "डाक्टरसाबला माझं नाव सांगू नका. त्यान्ला वाईट वाटंल."

वारा पडलेला होता. बारवेतून ओल वर येत होती. यादीत चाचांच्या खाली तीस-चाळीस माणसं होती, आणि त्यांतल्या एकानेही तो हात पाहिलेला नव्हता. उद्या सकाळी ती सगळी रांगेने येऊन निजणार होती, आणि वर बघणार होती.

मी पेन्सिल हातात घेतली. पाचव्या होलवर झाले तितके सगळे फटके लिहिले. सहाव्यावरचेही लिहिले. सातव्यावर, त्या उपड्या परातीवर, तीन फटक्यांत वर पोचलेल्या माणसाने सहा पट घेतले. चेंडू खळग्याच्या कडेला जाई आणि खाली घरंगळे, पुन्हा वर, पुन्हा खाली. टिटवी थांबतच नव्हती. व्यापारीसुद्धा हसायचे थांबले. नऊ झाले होते. मी आठ लिहिले. का, ते विचारू नका. एवढं सगळं खरं लिहिल्यावर एवढंसं खोटं मला स्वतःसाठी हवं होतं.

शेवटचे दोन होल खेळून झाले. निंबाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी कार्ड सहीसाठी आजोबांपुढे केलं. रीतीप्रमाणे मोजलं असतं तर तेच पहिले होते.

"आसरांचे कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"आसरांनी एकही मारला नाही," मी म्हटलं. "सगळे तुमचे आहेत."

व्यापारी म्हणाले, "अरे भाभी, असं कुठं असतं का? कायदा आपला..." आजोबांनी कार्ड बराच वेळ वाचलं. माझ्याकडून पेन्सिल मागितली, पाठ फिरवून, खांबाला कार्ड टेकवून सही केली. ते कार्ड त्यांनी समितीकडे दिलं नाही, खिशात घातलं. गाडीत एकच वाक्य बोलले, "परतूरला फोन लावायला पाहिजे."

शिबिर तरुण डॉक्टरांनी केलं. आजोबा त्यांच्या शेजारी टॉर्च घेऊन उभे राहिले, दोन्ही हातांनी धरून. ऑपरेशन तरुण डॉक्टर करणार, असा निरोप मी रविवारी संध्याकाळीच चाचांकडे धाडला होता. उलट निरोप आला, "मंग सर्दी बरी झाली म्हना." पुढे कितीतरी वर्षं ते दोन्ही डोळ्यांनी चेंडू शोधत होते. त्यांनी मला काय विनवलं होतं, ते मी आजोबांना अखेरपर्यंत सांगितलं नाही. आजोबांनी परत कधी ऑपरेशन केलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल मला एका शब्दाने बोलही लावला नाही. तो दुखावा होता की क्षमा, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत राहिले. पुढे त्या कंपवाताने चेहराही लाकडासारखा झाला, मग तिथे वाचण्यासारखं काही उरलं नाही.

मैदानही उरलेलं नाही. माळावर कारखान्यांच्या शेड आहेत. बारवेवर लोखंडी जाळी बसवली आहे. सात दगड तेवढे आहेत, आणि त्यांच्यापुढे अजून कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवून जातं.

आजोबा गेल्यावर त्यांची शस्त्रक्रियेची पेटी मी पुसायला काढली. चिमट्यांच्या खाली मखमलीत ते कार्ड होतं, घडीवर पिवळं पडलेलं. माझे सगळे आकडे जागच्या जागी होते. फक्त सातव्या होलपुढचा आठ एका वेड्यावाकड्या रेघेने खोडला होता, आणि शेजारी, थरथरत्या पेन्सिलीने, नऊ.

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी तिथे मी एकटीच मोजत होते.