आईवर घेतलेली चाचणी

जालन्याला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्हाला एचसीआय नावाचा विषय होता, म्हणजे माणूस आणि कॉम्प्युटर यांचं जमतं कसं याचा अभ्यास. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की वापरणारा अडला तर चूक त्याची नाही, तुमची. मला हे लगेच पटलं. एटीएमपासून बसच्या बोर्डापर्यंत कशावरही चिडायला आता शास्त्राचा आधार मिळाला होता.

प्रोजेक्टला मी दवाखान्यात नंबर लावायचं ॲप घेतलं. बीपीच्या गोळ्यांसाठी आई आमच्या गावाहून, वडीगोद्रीहून, अंबडला जायची आणि नंबर मिळावा म्हणून पहिलीच एसटी धरायची. ही धावपळ मला वाचवायची होती. सर म्हणाले, कोड नंतर, आधी कागद. मग मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक स्क्रीन काढला. वापरणाऱ्यानं चित्रातल्या बटणावर बोट ठेवायचं, की मी पुढचं कार्ड समोर ठेवायचं. मदत अजिबात करायची नाही, तो कुठं अडतो तेवढं टिपायचं. त्या अडण्यालाच मार्क होते.

रविवारी आईला बसवलं. ती चांगली साडी नेसून आली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"आई, ही तुझी परीक्षा न्हाई. या कार्डांची आहे," मी वर्गात शिकवलेलं वाक्य म्हटलं.

"हो गं, म्हाईतंय," म्हणत तिनं बोटं अशी भराभर ठेवली, की कार्डं बदलता बदलता माझीच धांदल उडाली. ती एकदाही अडली नाही. मी भलतीच खूश झाले.

सरांनी माझ्या नोंदी पाहिल्या. "एकही अडचण नाही? ही चाचणी नाही, सत्कार समारंभ झाला. परत करून आण, नाहीतर प्रोजेक्ट घेणार नाही."

मी तणतणत घरी आले. आई आणि काकू चुलीपाशी भाकरी करत होत्या. सरांचं बोलणं ऐकून आईच्या आधी काकूच चिडली.

"काहून? बिलकुल बराबर तर केलं तिनं. तू कॉलेजला गेली, की दुपारी मीच तिला कार्डं बदलून देऊन राह्यल्ते."

माझं डोकंच फिरलं. "आई, तू पाठ केलंस?"

"मंग काय करू?" आई तव्याकडं बघत म्हणाली. "मी अडखळले असते अन् तुला नापास केलं असतं तर? माझ्यापायी?"

कप्पाळ माझं! राग होताच, पण रडूही आलं. परीक्षा तिची नाही हे तिला पटणार तरी कसं? माझा प्रत्येक निकाल ती देवापुढं ठेवून मगच उघडू द्यायची.

मी सगळे स्क्रीन नव्यानं काढले, कार्डं घरी ठेवलीच नाहीत, आणि पुढच्या रविवारी परत बसवलं. आता आई खरोखर घाबरली होती. दवाखाना निवडला, स्वतःचं नाव निवडलं, दहाची वेळ निवडली. "तुमचा नंबर लागला" असं कार्ड आलं आणि ती थांबली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नियमाप्रमाणे भिंतीकडं पाहिलं.

"मनात काय आलं ते बोल," एवढंच मला म्हणता येत होतं.

"बोलू?"

"बोल."

"हिचा नंबर कुठंय?" तिनं शेजारी बसलेल्या काकूकडं बोट केलं.

आई आणि काकू, दोघी जावा, दवाखान्यात कधी एकेकट्या गेल्या नाहीत. बीपी आईला, गुडघे काकूचे, डॉक्टर एकच. एकीनं दोघींचे नंबर लावायचे आणि दुसरीनं बसायला जागा धरायची. मी हे लहानपणापासून बघत आले होते. माझं ॲप मात्र एकीला नंबर देऊन मोकळं झालं होतं.

"मला दहाचा, अन् हिला कवाचा? हिला तिथं सोडून येऊ का मी?" आईचा आवाज चढत गेला आणि तिनं ते कार्ड माझ्याकडं सरकवलं. "हे चुकलंय तुझं. नीट करून आण."

माझे केस, माझा स्वयंपाक, माझं चालणं, आई सगळ्याला नावं ठेवायची. पण माझ्या शिक्षणाला "चुकलं" म्हणायची हिंमत तिनं आजवर केली नव्हती. मी वहीत लिहायला लागले आणि कितीतरी वेळ लिहीतच राहिले. ते बघून ती पुन्हा घाबरली.

"आता पास होशील ना गं?"

"आता होईन," मी म्हणाले.