मनकर्णाबाई, उरलेलं

कुर्बानभाईनं जिंदगीत कधी कोणाचा आवाज पुसला नाई. हे तो सोता सांगे, छाती ठोकून सांगे, अन् खरंच सांगे. म्हणूनच तं माहं डोकं जास्त फिरते. एखाद्या निष्काळजी माणसानं माह्या मायचं गाणं बिघडवलं असतं तं मी दोन शिव्या हासडून मोकळी झाली असती. ह्या बाप्पानं ते जपून जपून बिघडवलं.

मी शकुन. मूर्तिजापूरच्या बाजारात भाजी विकते. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे वावरात निघन ते. माह्या भाजीच्या जागेपासून स्टेशनाकडे गेलं की डाव्या हाताले कुर्बानभाईची खोली होती. त्याचा बाप बँडमध्ये क्लारनेट वाजवे. लग्नात डीजे आले अन् बँड बसला. बापाच्या मागं कुर्बाननं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं, मग टेप, अन् मग दोन हजार दोन साली अमरावतीहून एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. भिंतीले चारी बाजूनं गोधड्या ठोकल्या, एक माईक टांगला अन् बाहेर पाटी लावली, रेकॉर्डिंग स्टुडिओ. लोक हासले. शकुंतला म्हणजे आमची लहान आगगाडी, तिची शिट्टी झाली की गाणं थांबवा लागे, असा त्याचा स्टुडिओ. पण भजनी मंडळं आली, कव्वाल आले, सरपंचाच्या निवडणुकीची गाणी झाली. कामाचा माणूस होता, नाई कसं म्हणू.

त्याचा पडदा लहानसा, चौदा इंची, अन् एका कोपऱ्यात हिरवा पडलेला. त्याच्यावर आडव्या पट्ट्या दिसत. एक पट्टी म्हणजे एक आवाज. त्याले तो ट्रॅक म्हणे. दुसरे लोक पट्टीवर ढोलक, झांज असं लिहीत असतीन, हा माणसाचं नाव लिही. देवमन. उत्तमराव. शकुनची माय. मी इचारलं, असं काहून? तं म्हणे, "बाई, ढोलक तं सगळ्यायचीच ढोलक असते. देवमनची ढोलक एकच."

अन् आवाजावर लावाची औषधं असतात, त्यायले प्लगइन म्हणतात. एक औषध आवाज जाड करे, एक फुसफुस काढे, एक मशिदीच्या घुमटासारखा घुमवे. प्रत्येक औषधाची येगळी खिडकी उघडे, अन् तेवढ्याशा पडद्यावर दहा खिडक्या एकमेकीच्या उरावर. खालची पाहिजे तं वरच्या सगळ्या बंद करा. घुमवायची खिडकी तं त्यानं कायमची वर टाचून ठेवली होती, ती हटतच नसे, अन् तिच्याखाली काय झाकलं हे त्याचं त्यालेच दिसे ना. "या खुदा, एक मोठा पडदा दे रे," असं तो दिवसातून दहा खेप म्हणे. "दोन पडदे असले ना बाई, एकावर सारे ट्रॅक, दुसऱ्यावर साऱ्या खिडक्या. मग पाहा कुर्बानचं काम."

बिघडलेला सूर, फसलेलं कडवं, काहीच तो पुसत नसे. मुका करे, झाकून ठेवे, सगळ्यात खाली सारे. "कोणाचा आवाज पुसणं आपल्याच्यानं होत नाई," म्हणे.

माह्या मायचं, मनकर्णाबाईचं, गाणं त्यानं दोन हजार चार साली घेतलं. माय भुलाबाईची गाणी म्हणे. भादव्यापासून कोजागिरीपर्यंत गल्लीगल्लीत पोरी भुलाबाई मांडत, अन् आमच्या गावात गाणं सुरू कराचा मान मायचा. तिचं एक गाणं तिचंच होतं, दुसऱ्या गावात नाई:

थांब रे दादा, पेर रे दादा, ओल जाऊ दे हातभर,
भुलाबाईच्या ओटीत टाक सरकी मूठभर.

हे काही नुसतं गाणं नव्हतं. माय खरंच वावरात जाऊन कोपरापर्यंत हात मातीत खुपसे, अन् मग सांगे, पेरा, नाईतं थांबा. गावातले भलेभले माणसं तिले इचारून तिफण काढत. शकुंतलेत बसून आमी दोघी मूर्तिजापूरले आलो, माय गोधड्यायच्या मधात उभी रायली अन् एका दमात गायली. कुर्बानभाई डोयाले रुमाल लावून बसला. नंतर मले म्हणे, "मावशीच्या आवाजाले औषधच लागत नाई, पण लावलं ते असं बसलं का दुसऱ्या कोणाले बसणार नाई."

अन् इथंच त्याची खोड. नवीन काम आलं की नव्यानं सारं मांडायले त्याच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरले अर्धा तास लागे. म्हणून तो मायचीच फाइल उघडे, नवीन नावानं ठेवे, मायचे ट्रॅक झाके अन् त्याच खिडक्यायमधून दुसऱ्या बाईचं गाणं घेई. म्हणजे वरून कोणीही गाओ, खाली माही माय झाकलेली. मले हे माहीत होतं. मले तं बरंच वाटे, सांगते ना! माय दोन हजार सहात गेली. त्यानं दिलेली सीडी पोट्ट्यायनं खरचटून टाकली, वाजे तं अडके. माहा गळा बाजारात ओरडून फाटलेला, माह्या तोंडून ते गाणं पोरींले शिकवणं काही जमे ना. मी म्हटलं, असू दे, कुर्बानभाईजवळ आहे. पोरींले लागलं तं आणू.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बियाण्याच्या कंपनीचा माणूस त्याच्याकडे आला. बियाण्याचं नाव मी घेणार नाई, तोंड कडू होते. त्याले गाडीवर वाजवाले जाहिरात पाहिजे होती. अमरावतीची एक कॉलेजातली पोरगी गायले आणली होती. त्या दिवशी ढोलकीले देवमन होता, त्यानं मले पुढचं सांगतलं. पोरगी गाऊन रायली, साहेबाचं तोंड वाकडं. कुर्बान खिडक्या बंद करत करत काहीतरी शोधून रायला होता, त्यात भलताच ट्रॅक उघडला अन् माही माय खोलीभर गायले लागली. साहेब खुर्चीवरून उठला. "हाच आवाज पाहिजे," म्हणे. कुर्बान नाई म्हणे. म्हणे, ती बाई नाई आता, तिच्या पोरीले इचारा लागन. साहेबानं त्याच्या पडद्याकडे पाहिलं, त्या हिरव्या कोपऱ्याकडे. दुसऱ्या दिवशी दोन खोकी घेऊन आला. एकवीस इंची, दोन.

मले इचाराले काय, तीनशे पावलंही नव्हती माही जागा तिथून!

मिरगाच्या आधी, पावसाचा एक शिरवा येऊन गेला होता बस, अन् बाजारात गाडी आली. भोंग्यातून माय बोलली. पहिल्यांदा मी रडली. खुशीनं रडली, आता सांगाले लाज वाटते. बाजूच्या बायायले म्हटलं, माही माय होय, माही माय! गाडी पुढं गेली, पुन्हा फिरून आली, तवा नीट ऐकलं.

पेर रे दादा, पेर रे दादा. मग एका माणसाचा आवाज बियाण्याचं नाव घेई. पुन्हा पेर रे दादा, पेर रे दादा.

थांब कुठी गेलं?

तराजू तशीच टाकून मी त्याच्या खोलीत गेली. दोन पडदे झगमग करून रायले होते. एकावर पट्ट्या, दुसऱ्यावर साऱ्या खिडक्या सुटसुटीत मांडलेल्या, एकही दुसरीवर नाई. अन् तो मधात नवरदेवासारखा बसलेला.

"थांब काहून काढलं?"

"बाई, तुमी बसा तं खरं. मावशी पन्नास गावायत पोचली..."

"थांब काहून काढलं, कुर्बानभाई?"

"जाहिरातीत थांब कसं चालन?" तो म्हणे. "साहेब म्हणे, ते दोन अक्षरं काढा. मी पुसलं नाई बाई, कसम से. बाजूले ठेवलं."

मी काय काय बोलली ते इथं लिहीत नाई. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून. दरवाजातून मागं वळून पाहिलं तं दुसऱ्या पडद्यावरची एक खिडकी बोटभर सरकवून नीट करून रायला होता.

गाडी आमच्या गावातही गेली. खुशालराव, आमच्या शेजारच्या वावरवाले, पोक्त माणूस, त्यायनंही पेरलं. बायायनं घरी सांगतलं, मनकर्णाबाई म्हणून रायली पेर, तिचं कधी चुकलं नाई. मग पाऊस वीस दिवस दडी मारून बसला. जे बियाणं ओलीत पडलं तेही धड उगवलं नाई, बियाणंच खोटं होतं. लोकायनं तिफणी पुन्हा काढल्या. पोळ्याच्या आधी खुशालराव बाजारात माह्यापुढं उभे रायले. भाजी नाई घेतली. "शकुन," ते म्हणे, "तुह्या मायनं जितेपणी कोणाले फसवलं नाई. मरून काहून फसवलं?"

मी त्यायले सांगू काय? कॉम्प्युटर सांगू, ट्रॅक सांगू? "मामाजी, ते तिचं गाणं नाई," मी म्हटलं. "आवाज तं तिचाच होय ना," ते म्हणे अन् गेले.

भादवा लागला. आमच्या गल्लीत जयवंताच्या ओट्यावर पोरींनी भुलाबाई मांडली. दिवेलागणीले टाळ्या सुरू झाल्या अन् मी घरातून ऐकलं, पोरी मायचं गाणं म्हणून रायल्या. धावत गेली. पोरी म्हणत होत्या, पेर रे दादा, पेर रे दादा. बियाण्याचं नावही घेत होत्या, तालात, बरोब्बर जागेवर.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्याकडे गेली. त्याचं तोंड मले पाहाचं नव्हतं, पण मायचं गाणं त्याच्याच पेटीत होतं. म्हटलं, "मले अख्खं गाणं पाहिजे. जसं ती गायली तसं."

त्यानं फाइल उघडली. मोठ्या पडद्यावर आता काहीच लपत नव्हतं. मायच्या पट्टीत जागोजागी भोकं, पोरांनी कापूस उपटलेल्या गादीसारखी. खाली खाली गेला, सगळ्यात खाली एक करडी पट्टी होती. त्यावर त्याच्याच हातानं लिहिलेलं: मनकर्णाबाई, उरलेलं.

"हे काय होय?"

 मी म्हटलं, वाजव. त्यानं बाकी सारे ट्रॅक मुके केले अन् तेवढा एक चालू केला.

थांब रे दादा. मग लंबी शांतता. थांब रे दादा. शांतता. थांब रे दादा.

माय नऊ खेपा थांब म्हणाली. गोधड्या लावलेल्या त्या खोलीत नुसतं तेवढंच. शेवटच्या खेपेले तिचा श्वासही ऐकू आला, तोही त्यानं कापून जपून ठेवला होता. कुर्बानभाई रडाले लागला. मले त्याची जरा दया आली नाई, अन् हे मी आजही खरं सांगते. मेली होती तरी माही माय त्याच्या पेटीतून जीव तोडून सांगून रायली होती, अन् ह्यानं तिले करड्या पट्टीत टाकून वर रंगीत खिडक्या मांडल्या होत्या.

"जोडून दे," मी म्हटलं.

एक एक तुकडा उचलून त्यानं जागेवर सरकवला. तासभर लागला. पूर्ण गाणं वाजलं तवा कुठं जोड आहे ते मलेही समजलं नाई. कारागीर होता भोसडीचा, काय म्हणू आता.

सीडी घेऊन तो सोता माह्यासोबत गावात आला. म्हणे, मले पोरींले ऐकवू द्या. मी नाई म्हटलं नाई. दिवेलागणीले जयवंताच्या ओट्यावर टेप ठेवला, पोरींले गोल बसवलं. कुर्बानभाई भिंतीले टेकून उभा रायला, चपला हातात घेऊन. मी म्हटलं, "पोरीहो, हे भुलाबाईचं खरं गाणं होय. नीट ऐका अन् असंच म्हणा."

थांब रे दादा, पेर रे दादा, ओल जाऊ दे हातभर...

दोन कडवी झाली. पोरी एकमेकीकडे पाहून हासाले लागल्या. जयवंताची नात, आठ वर्षांची, चुणचुणीत, तिनं हात वर केला.

"काकू, हे चुकलं. यात थांब नसते."

"असते, बाई," मी म्हटलं. "पहिलेपासून असते."

"नाई काकू. गाडीवाली बाई बरोबर म्हणे. ही बाई चुकते."

मी कुर्बानभाईकडे पाहिलं. तो हातातल्या चपलांकडे पाहून रायला होता. मी टेप बंद केला. पोरींनी टाळी धरली अन् पेर रे दादा सुरू केलं.