होडीवाल्याचं नाक

आमच्या गणपतीच्या कारखान्यात मानेपर्यंतचं काम माझं आणि मानेच्या वरचं तिचं. साच्यातून मूर्ती निघाली की शिवणी कापायच्या, भोकं बुजवायची, पोट, पाय, पाट पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, एवढं मी करायचे. चेहरा आला की मूर्ती उचलून तिच्यापुढे. ती आखणी करणारी, डोळे काढणारी. मालक गिऱ्हाइकाला कारखाना दाखवायला आणत तेव्हा तिच्यामागे उभे राहून आवाज खाली आणत. माझ्यामागे आले की म्हणत, "इथं धूळ असते, पुढे चला."

तिच्यावरून माझ्या पोटात दुखावं हे खरं तर बरोबर नाही. पेणमध्ये मी टिकले ती तिच्यामुळेच. नवऱ्याला डोलवीकडे कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली काम मिळालं म्हणून आम्ही वाशिमकडून इकडे आलो, तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. शाळा माझी सहावीतच सुटलेली. तोंड उघडलं की "काहून" बाहेर पडायचं आणि कारखान्यातल्या बायका हसायच्या. तिनेच मालकांना सांगितलं, "ऱ्हाऊ द्या हिला. हात हलका हाय." खोली तिने बघून दिली, सुकट निवडायला तिने शिकवली. आज काढतील, उद्या काढतील, या धाकात मी असायचे, तर ती म्हणायची, "तुला कोन काढतंय गो? घाबरून घाबरून तूच काढशील सोताला." इतके उपकार झाल्यावर माणसाला धड रागावताही येत नाही. मग आत जे साचतं तो हेवा.

ती खाडीकाठची, मिठागरावर राबणाऱ्यांच्या घरातली. तिच्या गावाच्या वेशीवर, बांधाच्या आतल्या अंगाला, एक देव आहे. शेंदूर लावून लावून त्याचा नुसता तांबडा गोळा झालेला. गाव त्याला आजा म्हणतं. गेल्या साली गणपतीची घाई संपल्यावर एक दिवस त्याचा शेंदूर आपोआप सुटून खाली पडला, अंगरखा उतरवावा तसा. तिकडची रीत अशी, की देवाने खोळ टाकली म्हणजे ती परातीत घालून वाजतगाजत खाडीत सोडायची आणि पुढच्या पुनवेला नवा शेंदूर चढवायचा. तेवढे दिवस देव उघडा.

खोळीखालून कोरलेला दगड निघाला. खाली होडी, होडीत वल्ही मारणारी माणसं, त्यांच्यात तलवार उगारलेला एक गडी, वर चंद्र आणि सूर्य. गड्याचा चेहरा मात्र फुटलेला. नाक नाहीच, एक डोळा खरवडल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती लग्नघरातून आल्यासारखी. "आमचा आजा होडीवाला निघाला गो! आम्ही पयल्यापासनं खाडीचेच. बघितलास?" दिवसभर तेच. होडी अशी, वल्ही तशी. मी शिवणी कापत ऐकत होते आणि पेपर जरा जास्तच जोराने घासत होते.

कारण मला सांगायला काय होतं? माझे आईबाप गिट्टी फोडायचे. रस्ता पुढे सरकला की आमचं पाल पुढे सरकायचं. माझ्या आजोबांना जिथे जाळलं ती जागा बापाला एका वळणाच्या खुणेवरून माहीत होती, आणि रस्ता रुंद करताना ते वळणच गेलं. हिच्या आजाला शेंदूर, नारळ, वर होडी. आमच्या म्हाताऱ्यावरून ट्रक जातात.

बातमी रोह्यापर्यंत गेली. तिथे एका बाईंनी, त्या कॉलेजात जुन्या काळातली माणसं कशी राहायची ते शिकवतात, एक खोली घेतली होती. आजूबाजूच्या गावांत खोदताना, नांगरताना निघालेल्या खापऱ्या, मणी, दगड त्या तिथे आणून ठेवत. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मॅडमनी दगड पाहिला आणि सांगितलं, हा वीरगळ आहे, लढाईत मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला. दगड गावातच राहील, पण पुन्हा शेंदूर चढण्याआधी त्याच्यावरून साचा घेऊ द्या, प्रत रोह्याच्या खोलीत ठेवू. गाव म्हणालं, घ्या, पण एक प्रत आम्हाला. साचे घेणारे पेणशिवाय कुठे मिळणार? म्हणून त्या आमच्या मालकांकडे आल्या.

त्या दिवशी त्यांनी पर्समधून एक खापरी काढली आणि मी वाटेत होते म्हणून माझ्याच हातात दिली. "तुम्हाला काय वाटतं, कशाचा तुकडा असेल?"

मी म्हटलं, "माठाचा."

चूक होतं ते. पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माठाचा का वाटला?"

शाळा सुटल्यापासून मला कुणी 'का' विचारलं नव्हतं. 'कधी होईल' विचारतात, 'किती झालं' विचारतात. जाता जाता त्या मालकांना म्हणाल्या, की खापऱ्या जुळवायला त्यांना हलक्या हाताची एक बाई रोह्याला हवी आहे, रोजची, कायमची. मालक म्हणाले, "या दोघींतली कुठली ते तुम्हीच ठरवा." ठरलं असं, की साच्यातून दोन प्रती काढायच्या, दोघींनी एकेक पुरी करायची, मग मॅडम बघतील. निघताना दारातून त्या पुन्हा म्हणाल्या, "दगडावर जे आहे, तेवढंच हवं हं."

मला ती जागा हवी होती. एवढी कुठली गोष्ट हवी झालेली मला आठवत नाही. तिलाही हवी होती, आणि तिचं म्हणणं सरळ होतं, "आमचा आजा तिथं, मग मी पन तिथं."

साचा घ्यायला गेलो तेव्हा सगळं गाव बांधावर. दगडावर आम्ही साच्याच्या पातळ रबराचे थर देऊ लागलो तशी एक बाई ओरडली, "हळू गो, आजाला गुदगुल्या होतील!" एक म्हातारा दगडाशी वाकून म्हणाला, "सोस जरा. फोटो काढतात तसाच हाय." मॅडम जे विचारायचं ते तिला विचारत होत्या. नारळ कधी देता, होडीला वेगळी पूजा असते का, बायकांनी शिवलेलं चालतं का. ती पदर खोचून उत्तरं देत होती. मी बादल्या आणत होते. एका म्हातारीने मला निरखून विचारलं, "तू कोनाची गो?"

"घासकामाची," मी म्हटलं.

बांधभर हसू पसरलं. ती सगळ्यांत मोठ्याने हसली, मग म्हातारीला म्हणाली, "आपलीच हाय, काकी." ते 'आपलीच' तिने इतक्या सहज म्हटलं, की मला तेही सहन झालं नाही. ज्याच्याकडे भरपूर असतं तो असाच वाटत सुटतो.

प्रती निघाल्या. कारखान्यात एका खिडकीशी माझी, दुसऱ्या खिडकीशी तिची. मी शिवणी काढल्या, रबरातल्या बुडबुड्यांचे जे फोड उठले होते तेवढे काढले आणि मानेपाशी थांबले. हात आपोआपच थांबला. वर जायची सवयच नाही. तिकडे बघितलं तर ती वाटीत प्लास्टर कालवत होती. मग नाक उभं राहिलं. सरळ, धारदार, आमच्या पेणच्या हाताचं. मग खरवडलेला डोळा. पापणी आली, बुबुळाची खोच आली, आणि तो गडी माझ्याकडे बघायला लागला.

"हे काय करतेस?" मी विचारलं.

"मग? खंडित देव कारखान्यातून बाहेर जातो काय कधी? नाक नाय तर श्वास कुठून घेईल गो?"

खरंच होतं. कान तुटला, सोंडेचं टोक उडालं, तर आम्ही पुन्हा लावल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर काढत नाही. इथल्या हातांना फुटकं दिसलं की ते भरणारच. मी माझ्या प्रतीकडे पाहिलं. तिच्या गड्याशेजारी माझा भिकाऱ्यासारखा दिसत होता. वाटलं, गेली जागा. मी बोटावर प्लास्टर घेतलंसुद्धा. पण चेहऱ्याला हात लावला आणि बिघडला तर? बोट बादलीच्या काठाला पुसलं आणि पायाशी पुन्हा घासत बसले. त्या नाकाचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या घराचा, गावाचा, कशाचा वाटला नव्हता.

मॅडम आल्या. तिच्या प्रतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "फार सुंदर झालाय," त्या म्हणाल्या, "पण हा तो नाही."

"मंग तो कोन हाय?" तिने विचारलं.

"माहीत नाही. नाक कुणी फोडलं की पावसाने गेलं, तेही माहीत नाही. तो फुटका राहिला तरच कुणीतरी कधीतरी शोधेल ना."

"आम्हाला म्हाईत हाय की. आमचा आजा."

मॅडम माझ्या प्रतीकडे वळल्या, चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तुम्ही चेहरा का सोडलात?"

पुन्हा 'का'. मी खरं ते सांगितलं. "मला चेहऱ्याला हात लावायची मुभा नाही."

त्या हसल्या आणि म्हणाल्या, "रोह्याला या."

अशी मला जागा मिळाली. मी आनंदाने रडायला हवं होतं, पण मी तिच्याकडे बघत होते. ती क्षणभर वाटीतलं वाळलेलं प्लास्टर नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "जा. पन तिकडं घाबरू नको, नायतर तिकडनं पन सोताला काढशील." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. हरलेल्या माणसाने निदान तोंड तरी वाकडं करावं!

पुनवेला आजाला नवा शेंदूर चढला. तिची प्रत गावदेवीच्या देवळात बसवली, त्या दिवशी तिने मला ओढून नेलं. बायका तान्ही पोरं आणून त्या नाकडोळ्यांपुढे धरत होत्या. "बघ, आजा बघतोय तुझ्याकडं." आणि तो बघतही होता. माझा मात्र रोह्याच्या खोलीत भिंतीला टेकून, फुटक्या तोंडाने, कुणाकडेच न बघता.

आता मी सकाळच्या गाडीने रोह्याला जाते. टेबलाशी माझी खुर्ची आहे. खापऱ्यांच्या कडा जुळवते, जुळल्या नाहीत तर मॅडमना विचारते, त्या मला विचारतात. एका ट्रेमध्ये काजळलेले तीन दगड आहेत. ते आले तेव्हा मॅडमनी सांगितलं होतं, ही चूल आहे, सापडली तिथे घर नव्हतं, कुणीतरी येऊन थोडे दिवस राहिलं आणि पुढे गेलं. तो ट्रे मी माझ्या बाजूच्या फळीवर ठेवला आहे. कुणी सांगितलं नव्हतं, मीच ठेवला.

मध्ये एकदा ती आली, गावच्या चारपाच बायका घेऊन, आजाची दुसरी प्रत बघायला. दारातूनच म्हणाली, "बिचारा! अजून तसाच ठेवलाय." मग एकेकीने चप्पल काढली आणि प्लास्टरच्या पायाला हात लावून नमस्कार केला, सगळ्यांत शेवटी तिने, कमरेची कुंकवाची पुडी सोडून. मी त्याला हाताने घासला होता, रोज फडक्याने पुसत होते, पण नमस्कार करायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

"आनि तुझा कोन हाय गो यात?" तिने फळ्यांकडे हात करून विचारलं. थट्टेने नाही, चौकशीने.

मी ट्रे पुढे ओढला. "हे आमचे. पाल टाकून राहायचे."

तिने वाकून पाहिलं, हसली. "ही तर चूल हाय. चूल काय, कोनाची पन असते!" बायका हसल्या, मीही हसले. मग त्यांना गाडी गाठायची होती.

त्या गेल्यावर पुसायला गेले तर होडीवाल्याच्या पायांवर कुंकवाचं बोट. ओलं फडकं लावलं तर आणखीच पसरलं. प्लास्टर कुंकू पिऊन टाकतं, आणि मला पेणला राहून हे ठाऊक असायला हवं होतं. पॉलिश पेपर घेतला, पण मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. आता तेही त्याच्यावर झालेलंच आहे."

मी पेपर ठेवला. साऱ्या खोलीत माझ्या हातचा तो एकच होता, आणि त्याच्या पायावर आता तिचं बोट आहे. सकाळी आले की आधी तेच दिसतं.